रकाना सातवा

रविवार, ७ ऑगस्ट १९३२. मेहकर.

नागपूरच्या हेड ऑफिसचे पत्र आले. आमच्या व्हेटर्नरी असिस्टंट असोसिएशनच्या मेहकर शाखेतले तिन्ही सभासद गळाले आहेत. तिघांच्या सहीचे नवे फॉर्म ५ सप्टेंबरपर्यंत पोचले नाहीत तर शाखा बंद. शाखा बंद म्हणजे माझे ऑनररी सेक्रेटरीपद बंद. म्हणजे दारावरची पाटी गेली. म्हणजे डिसेंबरच्या परिषदेत स्टेजवरची खुर्ची गेली आणि हा वामनराव खाली सतरंजीवर.

तसे होणार नाही. मी आहे.

गळालेले असे: जानेफळचे उत्तमराव, बीबीचे शालिग्राम, लोणारचे मोतीराम. तिघेही गुरांचे डॉक्टर म्हणून बरे, पण शिस्त शून्य. तिघेही मी सेक्रेटरी झाल्यावर सहा महिन्यांच्या आत गळाले. योगायोग मोठा विचित्र.

मंगळवार, ९ ऑगस्ट.

सर्क्युलर लिहिले. सुरुवात: 'प्रिय गळालेले बंधो.' आपलेपणा आणि जरब दोन्ही साधले. सोबत सात रकान्यांचा फॉर्म. सातवा रकाना माझ्या डोक्यातून निघालेला: 'सभासदत्व का सोडले? कारण स्पष्ट लिहावे.' रोग कळल्याशिवाय औषध नाही. खामगावच्या छापखान्यात तीन प्रकार छापायला टाकले: विनंती, स्मरणपत्र, आणि 'तिसरे व अखेरचे स्मरणपत्र'. प्रत्येकी शंभर प्रती. माणसे तीन आहेत, पण तयारी असावी.

कंपाउंडर कडूबाने विचारले, साहेब, तुमचा फॉर्म? हसलो. सेक्रेटरी हा मुळातच सभासद. मीच मला फॉर्म पाठवू काय?

जेवताना सौ.ला सर्क्युलर वाचून दाखवले. ती म्हणाली, वरण निवून राह्यलं. भारावली असावी.

बुधवार, १७ ऑगस्ट.

उत्तरे आली! शालिग्रामचा फॉर्म सगळा कोरा, सही नाही. फक्त सातव्या रकान्यात एक शब्द: सेक्रेटरी. वाक्य अर्धवट राहिलेले आहे. बहुधा 'सेक्रेटरीसाहेबांस सविनय' वगैरे लिहायचे असेल आणि शाई संपली असेल.

उत्तमरावाचाही फॉर्म आला. त्यातही तोच एक शब्द. जानेफळलाही शाईची टंचाई दिसते.

मोतीरामचे उत्तर नाही. तिघांनाही दुसरे स्मरणपत्र.

शनिवार, २० ऑगस्ट.

समक्ष भेटीचे धोरण. सायकल मारीत जानेफळ गाठले. उत्तमराव गोठ्यात, कोपरापर्यंत हात गाईच्या पोटात. इतका चांगला श्रोता पूर्वी मिळाला नव्हता. पूर्ण सर्क्युलर वाचले, शंकानिरसनही केले. तो एवढेच म्हणाला की, वामनराव, आमाले काय इचारता? मोतीरामले इचारा, झुंबरबाईच्या म्हशीचं काय झालं ते.

हे प्रकरण उगीच उकरले जाते. मार्चच्या सभेत 'सभासदांचे कर्तव्य' यावर मी बोलत होतो. मोतीराम मध्येच उठला, म्हणे झुंबरबाईची म्हैस अडली आहे, निरोप आलाय. मी त्याला खाली बसवले. आभारप्रदर्शन बाकी होते. तो पोचेपर्यंत म्हैस गेली होती. वाईट झाले. पण आभार बाकी असताना सभेतून उठणे कुठल्या नियमात बसते?

घरी आल्यावर जेवण गेले नाही. वांगे तेलकट होते.

बुधवार, २४ ऑगस्ट.

कल्पना सुचली. एकच भव्य सभा, तिथेच तिघांच्या सह्या. स्थळ: लोणारची धर्मशाळा. दिवस: पोळा, बुधवार ३१, दुपारी तीन.

दिवस निवडण्यामागे शास्त्र आहे. पोळ्याला बैल जुंपत नाहीत. काम नाही म्हणजे इजा नाही, इजा नाही म्हणजे डॉक्टर मोकळे. पुरावा म्हणून रजिस्टर पाहिले. गेल्या चार वर्षांत पोळ्याच्या दिवशी एकही जनावर नोंदलेले नाही. (दर पोळ्याला मी सासुरवाडीला असतो, पण रजिस्टर माझ्या कपाटात कुलूपबंद असते. त्यामुळे खाडाखोडीचा प्रश्नच येत नाही.)

कडूबा म्हणाला, साहेब, पोळ्याले काऊन ठेवता सभा? लोकं बैलायले इतकं चारतेत का पोटं फुगतेत. त्याला म्हटले, रजिस्टर बघ. तो रजिस्टराकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिला. शिकलेला नाही बिचारा.

मंगळवार, ३० ऑगस्ट. लोणार.

दुपारी सायकलने पोचलो. सामान: भाषण (बत्तीस पाने), फॉर्म, शिक्का, आणि दवाखान्यातली पोटफुगीची नळी. फुगलेल्या जनावराच्या डाव्या कुशीत ही खुपसली की गॅस सुटतो. मेहकरला अशी एकच आहे. कडूबा म्हणत होता, ठेवून जा. पण भाषणात 'आपली हत्यारे, आपली अब्रू' हा मुद्दा आहे. तिथे नळी उंचावून दाखवायची आहे.

संध्याकाळी धर्मशाळेसमोर कारभारी नावाचा शेतकरी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळत होता. मग त्याच्या कानाशी जाऊन म्हणाला, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. झाले आमंत्रण! छापील कागद नाही, फॉर्म नाही. तरी बैल येणारच म्हणे. पद्धत अगदीच अडाणी.

बुधवार, ३१ ऑगस्ट. पोळा.

दु. ३. सभा सुरू. उपस्थिती: मी.

दु. ३-४०. मंजुळाबाई आल्या. धर्मशाळा झाडायला. उपस्थिती दोन धरावी काय? नियमात स्पष्ट नाही.

दु. ४-३०. मोतीराम आला! उभ्या उभ्याच. अंगावर शेण, हाताला तेल. म्हणाला, सकाळपासून सहावा बैल. लोकं पहाटेपासून पुरणपोळ्या आणि शिजवलेल्या ज्वारीचा ठोंबरा चारून राह्यले. मी म्हटले, बस, अजेंड्यावर पाच विषय आहेत. तो म्हणाला, मेहकरहून पंजाबराव पाटलांचा माणूस घोड्यावर आला आहे. तुमच्या दवाखान्यासमोर सात बैल फुगून पडले आहेत, त्यात पाटलांची जोडी. कडूबा तेल पाजून राह्यला, पण नळी नाही. उत्तमराव, शालिग्राम दोघंही तिकडंच निंघाले. चाला ना वामनराव, तुमचेच बैल हायेत.

मी म्हटले, सभा तहकूब केल्याशिवाय कसा उठू? आणि कोरम नसताना तहकूब तरी कशी करू?

त्याने टेबलावरची नळी उचलली, बाहेर लावलेली माझी सायकल घेतली आणि गेला. सरकारी सायकल! पावती नाही, काही नाही.

सायं. ५-३०. भाषण पूर्ण केले. 'आपली हत्यारे, आपली अब्रू' म्हणताना रिकामा हात वर केला. मंजुळाबाई म्हणाल्या, बाबू, पाय उचला, झाडू द्या. आभारप्रदर्शन झाले.

गुरुवार, १ सप्टेंबर. लोणार.

परत जायला वाहन नाही. पोळ्याचा दुसरा दिवस, आजही बैल जुंपत नाहीत. कारभारीकडे छकडा मागितला. तो म्हणाला, बैलायले आज बी आराम, तुमी डाक्टर असून इचारता?

सात बैल आणि नळी एक, तीही उशिरा पोचलेली. त्याचा विचार करायचा नाही असे सकाळी ठरवले. दिवसभर तोच केला. झुंबरबाईची म्हैसही मधूनमधून आठवली. पाटील वरपर्यंत तक्रार करतील काय?

शुक्रवार, २ सप्टेंबर. मेहकर.

कांद्याच्या गाडीवर बसून आलो. सातही बैल जिवंत! पाटलांच्या जोडीतला उजवा अगदी जायला टेकला होता म्हणे. मोतीरामने येताच नळी घातली. ऐकून तिथेच ओट्यावर बसलो. उन्हाचा परिणाम.

आणि मुख्य बातमी. तिघेही काल आमच्याच घरी जेवले. सौ. म्हणाली, मी निस्तं इतकंच म्हटलं, जेवायले या. आले. जेवणानंतर ओसरीवर बसून तिघांनी सभा घेतली आणि तिन्ही फॉर्मवर सह्या केल्या. कडूबाने कालच टपालात टाकले.

अखेर सर्क्युलर लागू पडले! औषधाला वेळ लागतो, एवढेच. सभेत आणखी काय ठरले ते कडूबाला विचारले. तो भिंतीकडे बघत म्हणाला, मले नाई ठाऊक. फार दमलेला दिसतो.

परिषदेसाठी नवा कोट शिवावा.

बुधवार, ७ सप्टेंबर.

नागपूरचे पत्र. 'मेहकर शाखा वाचल्याबद्दल अभिनंदन. एकमताने निवडून आलेले नवे ऑनररी सेक्रेटरी श्री. मोतीराम यांचे विशेष आभार.'

तीनदा वाचले. एकमताने कसे? माझे मत कुठे होते? मग खालची ओळ दिसली. माझा फॉर्म आलेला नाही, सबब मी सभासदच नाही.

दुसरे पाकीट लोणारचे. आत माझेच छापील सर्क्युलर. 'प्रिय गळालेले बंधो.' तिसरे व अखेरचे. गाळलेल्या जागी माझे नाव. समासात मोतीरामचे अक्षर: 'वामनराव, फॉर्म भरून टाका. तुमच्याबिगर बैठक सुनी लागते. पन आता ऐकाले या, बोलाले नको. सायकल कडूबापाशी धाडली हाय.'

राग यायला हवा होता. आला नाही. त्याने सायकलची घंटीही दुरुस्त केली आहे.

दुपारी दारावरची पाटी स्वतःच काढली. कडूबा स्टूल धरून उभा होता.

मग फॉर्म घेऊन बसलो. सहा रकाने पटापट भरले. सातव्यापाशी अडलो. 'सभासदत्व का सोडले? कारण स्पष्ट लिहावे.' प्रकृती लिहावे काय? कामाचा व्याप? टपालातली गफलत? तीन टाक बदलले. सौ. दोनदा जेवायला बोलावून गेली.

शेवटी एकच शब्द लिहिला. सेक्रेटरी.

दौतीत शाई भरपूर होती.