न ठोकलेलं दार

हॅमट्रॅमक, मिशिगन
रविवार, १९ सप्टेंबर १९८२

प्रिय वांडा,

तू बरी असशील असं धरून चालतो. हॉस्पिटलातल्या रात्रपाळ्या संपल्या का ते कळव, म्हणजे आई रोज विचारायची थांबेल. तिच्या खांद्याचं दुखणं आता कमी आहे. या वर्षी तिनं कोबी नेहमीपेक्षा जास्त खारवलाय आणि तळघरात पाय ठेवला की डोळ्यांत पाणी येतं. कोपऱ्यावरची बेकरी बंद झाली. मी ठीक आहे. कामाचं पुढे लिहितो.

पत्र लिहायचं खरं कारण म्हणजे बाबांनी गॅरेजमध्ये एक दार बसवलंय. गॅरेजचं नाही. गाडीचं. जपानी गाडीचं.

हे वाक्य लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो होतो. खोटं वाटतं, पण दार तिथं आहे. आत्ताही ते उघडल्याचा आणि लावल्याचा आवाज मला वर ऐकू येतोय. सगळं क्रमानं सांगतो, नाहीतर तुला पटणार नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, कामगार दिनाला, युनियनची सहल होती, नेहमीच्याच बागेत. यंदा भट्टीवरच्या सॉसेजपेक्षा माणसं कमी होती. काझमामानं दर वर्षीसारखी एक जुनी जपानी गाडी कुठून तरी मिळवून गवतावर उभी केली होती. लाल, दोन दारांची, इंजिन काढलेली. एका डॉलरला घणाचा एक घाव, पैसे घरी बसवलेल्या कामगारांच्या धान्यासाठी. पहिला घाव घालायचा मान यंदा बाबांना दिला होता. आईनं त्यांना पांढरा शर्ट इस्त्री करून दिला होता.

जेवताना नेहमीचंच बोलणं झालं. काझमामा म्हणाला, "देशात विकल्या जाणाऱ्या चार गाड्यांतली एक आता बाहेरची आहे. वॉशिंग्टननं जपानी गाड्यांचा आकडा बांधून दिला, तर त्यांनी किंमत वाढवली. तरी लोक रांगेत उभे."

"रांगेत उभे राहू देत," बाबा म्हणाले. "मिशिगनच्या रस्त्यांवर बर्फासाठी टाकतात ते मीठ दोन हिवाळ्यांत तिचा पत्रा खातं. मग उभे राहा म्हणावं बसच्या रांगेत."

पलीकडच्या बाकावरचा एक जण हळूच म्हणाला, "माझ्या मेव्हण्याची ऐंशी हजार मैल चाललीय. अजून कुरकुर नाही."

"मग मेव्हण्याला सांग, पगार पण टोकियोहून माग," मामा म्हणाला, आणि सगळे हसले. मेव्हण्याचा मेव्हणाही हसला. मी बटाट्याच्या सॅलडमध्ये बघत राहिलो. अशा वेळी मला तुझं ते वाक्य आठवतं आणि कोणाला माझ्या तोंडावर दिसेल की काय अशी भीती वाटते. त्या नाताळच्या संध्याकाळी बाबांनी तुला तुझी निळी जपानी गाडी अंगणातून काढून चर्चच्या मागे लावायला लावली होती. "या अंगणात आपण बनवलेली गाडी उभी राहते," असं ते म्हणाले, कामगारांच्या सवलतीत आपल्याला किती स्वस्त पडते तेही त्यांनी सांगितलं, आणि तू कोट न काढता म्हणालीस, "बाबा, सवलतीत घेतलेली गाडी सवलतीतच चालते." मग गेलीस ती गेलीसच. गेल्या नाताळात अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी आपण मांडतो ती जास्तीची थाळी आईनं तुझ्या खुर्चीसमोर मांडली. बाबांनी ती बघितली, आणि ब्रेड मोडून सगळ्यांना वाटला.

तर बाबा घण घेऊन उठले. गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकावरच्या पत्र्यातल्या गंजलेल्या भोकात बोट घातलं आणि लोकांना दाखवलं. "बघा, बिस्किट." लोक हसले, टाळ्या वाजल्या. मग त्यांचं लक्ष गेलं की काचा वर आहेत, आणि लहान मुलं जवळ उभी आहेत. म्हणून घण गवतावर ठेवून, काच खाली करायला त्यांनी दार उघडलं. काच खाली केली. दार लावलं.

वांडा, तुला चर्चबाहेरचे रविवार आठवतात ना? प्रार्थना झाली की माणसं आपापल्या गाड्यांशी उभी राहून म्हणायची, "स्टॅश, हे ऐक." कारखान्यात रोज दारंच बसवणारे बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे की हे दार सकाळच्या पाळीतलं, हे सोमवारचं, हे कोणीतरी घरी जायच्या घाईत बसवलंय. एकदा तर त्यांनी बसवणाऱ्याचं नावच सांगितलं होतं, आणि ते बरोबर निघालं होतं.

बाबांनी ते दार लावलं आणि तसेच उभे राहिले. मग परत उघडलं. परत लावलं. तिसऱ्या वेळी नुसत्या एका बोटानं ढकललं, आणि दार शेवटची दोन बोटं जागा स्वतःच गेलं आणि मिटलं. मी मागेच होतो, म्हणून मलाही ऐकू आलं. आपल्या दारांना आवाज असतो, धाडकन, आणि मागून पत्र्याची एक थरथर. इथं थरथर नव्हती. एक छोटासा भरीव ठोका, आणि मग शांत. वाळलेलं, गंजानं खाल्लेलं, आत इंजिन नसलेलं ते खोकं, आणि त्याचं दार असं लागत होतं.

"स्टॅश, लोक थांबलेत," मामा म्हणाला.

बाबांनी ऐकलंच नाही. पांढऱ्या शर्टासकट ते गवतावर आडवे झाले आणि बिजागरीखाली डोकं घातलं. मला म्हणाले, "टॅड, इकडे ये. खूण शोध."

कसली खूण ते मला विचारावं लागलं नाही. मी कारखान्यात दारांवर कामाला लागलो तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनीच शिकवलं होतं. दार टांगायचं, बिजागरीच्या फटीत लाकडी ठोकळा धरायचा, खालून गुडघा, वरून खांदा, आणि मग रबरी हातोडा. "दार येतं तसं बसत नाही रे," ते म्हणाले होते, "दार बसवावं लागतं." आणि ते खरोखर बसवायचे. त्यांच्या हातून गेलेलं दार परत आलेलं मी बघितलं नाही. प्रत्येक दाराच्या बिजागरीवर ठोकळ्याची एक बारीक दबलेली खूण राहते, रंगाखालीसुद्धा. मला वाटायचं जगात सगळीकडे दारं अशीच लागतात. बर्फ थंड असतो तसं.

खूण नव्हती. मी बोट फिरवून बघितलं, डाव्या दारावर आणि मग उजव्या. बाबा उठून बसले. त्यांच्या शर्टाला गवताचे डाग पडले होते.

"याला कोणी गुडघाच लावला नाही," ते म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. "आलं तसं बसलं."

त्यांचा चेहरा मी कसा सांगू? मी त्यांना हरलेलं बघितलंय, आणि चिडलेलं तर रोजच. हे त्यातलं काही नव्हतं. तू लहान असताना ते आपल्याला तळ्यावर घेऊन गेले होते आणि पहाटे तळं गोठताना त्याचा आवाज ऐकवला होता, तेव्हा ते असे दिसत होते.

मग त्यांनी घण उचलला आणि समोरच्या मडगार्डवर असा घातला की ते टायरपर्यंत गेलं. टाळ्या झाल्या. बाबा माणसांकडे वळून म्हणाले, "बाकी काय पाहिजे ते फोडा. हे दार नाही." आणि डाव्या दाराला पाठ लावून उभे राहिले.

लोकांना आधी वाटलं गंमत आहे. मग वाटलं उन्हाचा त्रास आहे. मामा जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "स्टॅश, लोकांच्या नोकऱ्या गेल्यात. तू कोणाच्या बाजूनं आहेस?"

"मी घाव घातला ना? डॉलर पण दिला," बाबा म्हणाले. "आता मी इथं उभा आहे."

दुपारभर लोक गाडी फोडत होते आणि बाबा उभे होते. छत खाली आलं, पुढचं तोंड गेलं. कोणी त्यांच्या बाजूला आला नाही. शेवटी त्यांनी माझ्याकडून पाना मागवला, दार बिजागऱ्यांसकट आणि कुलपाच्या खिट्टीसकट सोडवलं आणि आमच्या मोठ्या गाडीच्या मागच्या सीटवर, आईच्या शालीवर आडवं ठेवलं. घरी येईपर्यंत आई एकच वाक्य बोलली. "ती शाल माझ्या आईची आहे."

गॅरेजमध्ये त्यांनी जाड फळ्यांची चौकट केली आणि दार टांगलं. ते लागेना. खालून घासत होतं. मी सवयीनं ठोकळा आणि हातोडा पुढे केला. बाबांनी माझा हात बाजूला केला. "दाराला हात लावायचा नाही. चूक चौकटीची आहे." मग त्यांनी चौकट सोडवली, परत बांधली, परत सोडवली. या बुधवारी संध्याकाळी दार लागलं. त्यांनी आईला हाक मारली. ती हात पुसत आली, ऐकलं, आणि म्हणाली, "आपल्या फ्रीजपेक्षा बरं लागतं." बाबा खूप दिवसांनी हसले.

गेल्या रविवारी चर्चबाहेर त्यांना कोणी दार ऐकायला बोलावलं नाही. माणसं दुसरीकडे बघत गाड्यांत बसली, आणि नेमकी सगळ्यांची दारं एकामागोमाग लागली. बाबा टोपी हातात घेऊन उभे होते. मी तुला लिहायचं तेव्हाच ठरवलं.

काझमामा मात्र काल आला. गॅरेजच्या दारातच उभा राहून म्हणाला, "एखाद्या दाराचं नशीब असतं, स्टॅश. लॉटरी लागते तसं."

"उजव्याला पण लागली होती," बाबा म्हणाले.

मामा आत आला. एकदा दार लावून बघितलं. मग आणखी एकदा. मग तिथल्या उलट्या बादलीवर बसला. दोघांनी बिअर प्यायली आणि गाड्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. जाताना मामा म्हणाला, "कुठल्या तरी माणसानं हे केलं असेल. त्याचं नाव काय असेल रे?" बाबा म्हणाले, "तेच मी पण विचार करतोय."

आता कामाचं. मला मेमध्येच घरी बसवलं. मागच्या दोन्ही पत्रांत मी पाळीबद्दल लिहिलं होतं ते खरं नव्हतं. दारांची एक पाळी बंद झाली, नवे आधी गेले, त्यात मी. बाबांचं अजून चालू आहे, पण किती दिवस ते तेही सांगत नाहीत. मी शाळा अर्धी सोडलेली, मला दारं सोडून काही येत नाही, आणि आता तर कळलं की दारंही येत नाहीत.

शुक्रवारी जेवताना बाबांनी मिठाची बाटली पुढे सरकवली आणि म्हणाले, "ओहायोत मक्याच्या शेतात जपान्यांनी कारखाना काढलाय. माणसं घेताहेत."

मला वाटलं ते शिव्या द्यायला सुरुवात करताहेत. मी म्हणालो, "हो, मामा सांगत होता."

"जाऊन ये."

आईचा काटा ताटलीवर थांबला.

"मी?" मी विचारलं. "मामाला काय सांगणार? आणि मला घेतील कशाला?"

"घेतलं तर घेतील. नाही घेतलं तर निदान आत जाऊन बघशील. गुडघा न लावता दार कसं बसतं ते नीट बघ आणि मला येऊन सांग." मग बराच वेळ ते बटाटे चिरडत होते. मान वर न करता म्हणाले, "कोलंबसहून जवळ आहे म्हणतात. कोणाकडे राहायची सोय असली तर बरं."

कोलंबसमध्ये आपलं कोण आहे ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. कोणी नाव घेतलं नाही. पण तेव्हापासून आई भांडी घासताना गुणगुणतेय.

म्हणजे वांडा, मी तुझ्याकडे राहायची जागा मागतोय. नोकरी मिळेपर्यंत, किंवा नाही मिळणार हे नक्की होईपर्यंत. मी जमिनीवर झोपेन आणि भांडी मी घासेन. मला भीती वाटते हे तुला सांगायला हरकत नाही. तिथं ते काही विचारतील आणि मला शब्द सापडणार नाही अशी भीती, आणि सापडला तर मी या घराचा राहणार नाही अशी त्याहून मोठी. पण ते दार मी दिवसातून इतक्या वेळा लावून बघितलंय की आता ते कसं करतात हे न बघता मला राहवणार नाही. बाबांचंही तेच आहे. ते जाऊ शकत नाहीत, म्हणून मला पाठवताहेत.

मी बसनं येऊ शकतो. पण येत्या रविवारी तू मला न्यायला आलीस तर जास्त बरं होईल, आणि ते फक्त माझ्यासाठी नाही.

कारण आज चर्चहून आल्यावर बाबांनी आपली गाडी अंगणात घेतलीच नाही. बाहेर रस्त्यावर लावली आणि अंगण झाडून काढलं, पार गॅरेजपर्यंत. आईनं खिडकीतून विचारलं, "गाडी बाहेर का?"

"मेपलची पानं पडायला लागलीत," बाबा म्हणाले. "रस्त्यावर उभी केली की काचेला चिकटतात. चांगल्या गाडीची काच खराब होते."

"मग आपली का लावली तिथं?"

"आपलीला सवय आहे."

तेव्हा चर्चच्या मागे जाऊ नकोस. सरळ अंगणात ये. बाबा स्वयंपाकघरात असतील, खिडकीकडे पाठ करून, पेपर वाचत असल्यासारखे. ते वळून बघतील असं मी वचन देत नाही. तू उतर, आणि दार एरवी लावतेस तसंच लाव. मुद्दाम हळू नको, जोरात तर नकोच.

ते ऐकत असतील.

बॅग भरून बसलेला
तुझा भाऊ,
टॅड