दाराशी उभी राहणारी

सोमवार, ३ मार्च

आले एकदाची. सामान म्हणजे एक ट्रंक, एक पिशवी आणि भावाने बळेच हातात कोंबलेली छत्री. वहिनी बस सुटेपर्यंत थांबली होती. माझ्यावरचं प्रेम उतू जात होतं की मी खरंच जातेय ना याची खात्री करत होती, कोण जाणे. जाऊ दे, पहिल्याच दिवशी कुचकटपणा नको.

खोली वीतभर आहे, पण माझी आहे. खाट, खुर्ची, भिंतीवर क्रूस, आणि खिडकीतून दिसणारं धुलाईघराचं धुराडं. बाहेर पडताना कुलूप लावलं, ओढून बघितलं, जिन्यावरून परत येऊन पुन्हा ओढलं. नवरा याची चारचौघांत टिंगल करायचा. माझ्या हातून एक काम धड होत नाही, हे त्याने इतकी वर्षं ऐकवलं की शेवटी मलाही पटलं. त्याचं घर सोडलं, पण हे काही सुटलं नाही.

धुलाईघर मठाच्या सिस्टर चालवतात. हॉस्पिटलच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले सगळं इथेच धुतलं जातं. मोठ्या सिस्टरांनी माझे हात उलटेपालटे करून बघितले आणि हसून म्हणाल्या की हे कामाचे हात आहेत. एवढ्याशा बोलण्याने मला रडू यावं म्हणजे कमाल झाली. झोपताना देवाचे आभार मानले. मनापासून मानले.

बुधवार, ५ मार्च

काम आवडलं. रक्ताचे डाग आधी गार पाण्यात, मग साबण, मग उकळत्या हौदात. पिळून झालं की चादरी वाळवणीच्या खोलीत जातात. लांबट खोली, खिडकी नाही, भिंतींना वाफेचे नळ, वर सळ्या. आत पाऊल टाकलं की डोळ्यांतलं पाणीसुद्धा सुकतं. दार जाड, पत्रा मारलेलं, आणि आपोआप लागणारं. कडी फक्त बाहेरून. खोली कापडांसाठी बांधली, माणसांचा विचार कोणी केला नाही.

म्हणून इथली रीत अशी की एकीने आत जायचं आणि एकीने दार धरून उभं राहायचं. त्याला "दाराशी राहणं" म्हणतात. दाराशी असलेलीने नाकावर माशी बसली तरी हात सोडायचा नाही. हे मला इस्त्रीवाल्या मावशीने शिकवलं. मावशी इथली सगळ्यांत जुनी. बोलणं कमी, काम चोख, हसणं बहुधा हप्त्याने. माझ्या बरोबरीची आणखी एक आहे, तिला सगळ्या "खिदळी" म्हणतात, का ते दोन मिनिटांत कळतं.

एक गंमत वाटली. दार लावण्याआधी आत तोंड करून "कोणी राहिलंय?" असं विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता धाडकन दार लावायचं. मी मावशीला विचारलं, वाट बघायची नाही तर विचारायचं कशाला? ती इस्त्री फिरवत राहिली. खिदळीसुद्धा हसली नाही.

शनिवार, ८ मार्च

आज मी वाट बघितली.

दुपारची शेवटची खेप होती. आत जाऊन सगळ्या सळ्या बघून आले, खिदळी दाराशी होती, ती मग हात धुवायला गेली. मी आत तोंड करून विचारलं आणि माझ्या स्वभावाप्रमाणे थांबले. आतून कोणीतरी हळूच म्हणालं,

"नीट बघितलंस का?"

आवाज माझा होता. मला वाटलं मीच पुटपुटले. दिवसभर मी हेच तर स्वतःला विचारत असते. दार लावलं, हौदाकडे गेले, तरी पाठीवरचा घाम सुकेना.

मंगळवार, ११ मार्च

पुन्हा. आणि आज माझं तोंड मिटलेलं होतं, ओठांत चादरीचे चिमटे धरले होते.

माझ्याच्याने राहवेना. खरंच कोणी राहिलं असेल तर? दार उघडलं, आत शिरणार, तोच मावशीने मागून माझी वेणी धरून मला बाहेर ओढलं. वेणी धरून, लहान मुलीला ओढतात तशी. दार लावून घेतलं आणि निघून गेली.

गुरुवार, १३ मार्च

मावशीने सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत, अंगणातल्या बाकावर, माझ्याकडे न बघता.

माझ्या आधी माझ्याच खोलीत एक बाई राहायची. तीही माझ्यासारखी, केलेलं काम दहादा तपासणारी. तिलाही वाळवणीच्या खोलीतून तिच्याच आवाजात काहीतरी ऐकू यायचं. एका दुपारी ती एकटीच तपासायला आत गेली आणि मागे दार लागलं. मग ती हाका मारायला लागली. मावशी बाहेरच होती. पण त्या खोलीतून असले आवाज कायमच येतात, म्हणून मावशीने दार उघडलं नाही. स्तोत्र म्हणत उभी राहिली. हाका थांबल्या तेव्हा तिला वाटलं की प्रार्थनेला यश आलं.

तेव्हापासून मावशीला त्या खोलीतून रोज "मावशी, उघड" असं ऐकू येतं. ती उघडत नाही. आत जे काही आहे ते प्रत्येकीला तिच्या दुखऱ्या जागेवर बोलतं, म्हणाली, आणि प्रत्येकीकडून त्याला एकच हवं असतं: दार उघडून एकटीने आत येणं.

मी विचारलं, मग ही जागा सोडून का नाही गेलीस? म्हणाली, मी गेले तर नव्या बायकांना वेणी धरून कोण ओढणार.

रविवार, १६ मार्च

उपासनेला मावशी शेवटच्या बाकावर बसली. सगळ्या उठून प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे गेल्या, ती गेली नाही. त्या बाईच्या मरणापासून कधीच जात नाही म्हणे.

नंतर मी मोठ्या सिस्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. त्याही तरुणपणी त्या दाराशी उभ्या राहिल्यात. दोनदा पाळकांनी येऊन प्रार्थना केली, दोनदा दार बदललं, खोली पाडायला हॉस्पिटल परवानगी देत नाही. त्या म्हणाल्या, "भीती गेली की मग काम करू, असं म्हणून बसू नकोस. भीती असू दे. प्रभूला बरोबर घे आणि उभी राहा."

मी रात्री स्वतःच्या शब्दांत मागितलं: प्रभू, माझा माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही, पण डोळे तू दिलेस, तेव्हा मी जे बघेन ते मला खरं मानू दे. किती वर्षांनी बरं वाटलं. कुलूप एकदाच ओढलं.

मंगळवार, १८ मार्च

काल सगळं सुरळीत झालं. आज दार लावताना मी तीच प्रार्थना मोठ्याने म्हटली.

आतून माझीच प्रार्थना परत आली. शब्दन् शब्द. माझ्या आवाजात, माझ्याच सुरात, कुठेही न अडखळता. "आमेन" पण म्हटलं. आणि मग,

"नीट बघितलंस का?"

म्हणजे शब्द त्यालाही येतात. मग माझ्याकडे उरलं काय?

बुधवार, १९ मार्च

आत जायला पाय उचलला नाही. मावशी माझ्याऐवजी आत गेली. दिवसभर तीच जात राहिली, मी दार धरून उभी. बाहेर आली की तिचा चेहरा लालबुंद. या वयात. माझ्यामुळे.

ट्रंक भरली. मग वाटलं, मी गेले तर दाराशी कोण? ट्रंक तशीच आहे. आज प्रार्थनेला शब्दच आले नाहीत. नुसती बसले. प्रभू होता. एवढंच सांगता येईल, तो तिथे होता.

गुरुवार, २० मार्च

आता ते बाहेरही बोलतं. हौदाशी. जिन्यात. वाफेचा नळ बंद केलास? नीट बघितलंस? — कुलूप सात-आठ वेळा ओढलं. बोट कापलं.

शुक्रवार, २१ मार्च

दुपार. लिहिल्याशिवाय मला सुचत नाही, म्हणून या चार ओळी, दारासमोर बसून.

खिदळी आणि सिस्टर गाडीबरोबर हॉस्पिटलला गेल्या. मावशी आत, मी दाराशी. मागून ते म्हणालं, हौदाचा नळ, नीट बघितलंस का — आणि मी हात सोडला. सोडला. नळ बंदच होता. धावत आले तर दार लागलेलं.

कडी उघडते, दार ढकलते. आत काळोख, वाफ, चादरी. हाक मारली. उत्तर नाही. दार पुन्हा हातातून सुटलं.

ती आत आहे? मी तिला आत जाताना बघितलं. की मी नळाशी असताना बाहेर पडली? इस्त्रीजवळ नाही. अंगणात नाही. नीट बघितलंस का, नीट बघितलंस का, चारी बाजूंनी, माझ्याच तोंडाने —

वाफ बंद केली. खोली निवायला फार वेळ लागतो. तेवढा वेळ तिच्याकडे नाही, ती आत असेल तर. नसेल तर आत मी एकटी.

आवाज. खालून, जमिनीलगत. मावशीचा.

"पोरी, उघडू नकोस. माझं झालं. तू जा."

ते कोणालाही असं म्हणालेलं नाही. कधीच. ते बोलावतं. जा म्हणतं ते माणूस. ती आत आहे. मी तिला बघितलं होतं. मी बरोबर बघितलं होतं.

चादरींची ढकलगाडी दारात आडवी लावलीय. टिकेल न टिकेल. सिस्टर, ही वही दाराबाहेर सापडली तर आम्ही दोघी आत आहोत. हाका खऱ्या आहेत. उघडा.

भीती आहे. तिला घेऊनच जाते. प्रभू, शब्द नाहीत, तू चल. ओला टॉवेल डोक्यावर, पदर खोचला, गाडी हलतेय, मावशी, आले, मी आ