दुपारचं नेट

३ एप्रिल, शुक्र.
या घरात माझ्या हातानं केलेलं: बैठकीतला कूलर (बावीस गेजचा पत्रा, पंखा जुन्या एक्झॉस्टचा). तिन्ही स्टॅबिलायझर, वाइंडिंगसकट. जिन्यातला दिवा, खालून लावा वरून बंद करा. टाकी भरली की वाजणारी घंटी. शुभाच्या पायमशीनला मोटर. इन्व्हर्टरची ट्रॉली. गच्चीवरचं कपडे वाळवायचं कप्पीचं दोरखंड. वायफायची घरातली सगळी वायर, खांबापासून दारापर्यंतची सोडून. ती केबलवाल्यांची.
शिकवलं कुणी नाही.
हे लिहायचं कारण, नेट सारखं तुटतं म्हणून मुक्ता सकाळी म्हणाली, "बाबा, किसी को बुला लो ना एकदा. कुणीतरी जाणकार."
चहा प्यायलो. दुकानात गेलो.

४ एप्रिल, शनि.
तक्रार नीट मांडून घेतली, तिच्याच तोंडून. सकाळी नेट ठीक. दुपारी जेवणानंतर तुटायला लागतं, संध्याकाळपर्यंत. तिचं काम पुण्याच्या कंपनीचं, दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलायचं, तोंड दाखवून. समोरच्याला हिचं तोंड अर्धवट उघडं दिसतं आणि आवाज येत नाही. मॅनेजरनं दोनदा सांगितलंय. घरून जमत नसेल तर ऑफिसात येऊन बस.
म्हणजे पुणे.
ती भाद्रपदात आली, शुभाच्या, तिच्या आईच्या, शेवटच्या आठवड्यात. मग इथूनच काम करते म्हणाली, राहिली. मी राहा म्हणालो नव्हतो. जा असंही नाही.
गेली तर वरचा मजला बंद करता येईल. झाडायला कमी.

६ एप्रिल, सोम.
संशय कूलरवर. दुपारीच चालतो, दुपारीच नेट जातं. मोटर ठिणग्या टाकत असेल तर हवेत कचरा होतो, रेडिओत खरखर येते तसा. दुकान दुपारी बंद ठेवून घरी आलो. कूलर बंद करून बसलो दोघं. बाहेर लू, अंग भाजणारी. मु. ओढणी ओली करून डोक्यावर घेऊन कामाला बसली.
नेट तरीही तुटलं.
मु.: "बाबा, आता कूलर चालू करू? की उसपे भी कोई टेस्ट बाकी है?"
मोटर तरी उघडून पाहिली. टाके आणि कॅपॅसिटर शाबूत. पंखा पुसून बसवला.

७ एप्रिल, मंगळ.
राऊटर देवघराशेजारच्या, गल्लीकडच्या खिडकीलगतच्या कोनाड्यातून काढला. भिंत दगडाची, हातभर जाड, त्यातून वर काय जाणार. शुभानंच तिथे ठेवला होता, वर क्रोशाचा रुमाल टाकून. रुमाल घडी करून कपाटात. राऊटर जिन्याच्या वळणावर टांगला, दोन्ही मजल्यांना सारखा.
वर वायफायच्या खुणेच्या काड्या पूर्ण दिसतात. कॉल तुटतोच.

९ एप्रिल, गुरु.
हवेचा प्रश्नच मिटवला. वर तिच्या टेबलापर्यंत वायर ओढली, पट्टीत घालून, कोपरे पंचेचाळीस अंशांत कापून. भिंतीला एक भोक, तेही चौकटीच्या मागे. वायर थेट लॅपटॉपात.
दुपारी परत तेच.
म्हणजे दोष हवेत नाही. लाइनच अपुरी पडते.
पप्पूला फोन. केबल-नेटचा गल्लीतला धंदा त्याचा. म्हणाला, "भाईसाहब, लाइन एकदम टनाटन है. आपके घर में लोड ज़्यादा है."
घरात माणसं दोन. दोन फोन, एक लॅपटॉप. टीव्ही गणपतीनंतर लावलेला नाही. हे त्याला सांगितलं. तो हसला. राऊटर त्यांचा, आतल्या सेटिंगा त्यांनी कुलूपबंद ठेवलेल्या. कोण जोडलंय ते मला दिसत नाही. पासवर्ड तेवढा बदलता येतो.

११ एप्रिल, शनि.
मु.ला सुट्टी. म्हटलं भर दुपारी राऊटर पूर्ण बंद ठेवू, थंड होऊ दे, मग एकेक वस्तू जोडत जाऊ.
बंद करून पाणी प्यायलो असेन. समोरच्या गॅलरीतून सक्सेना भाभी.
"भाईसाहब, नेट बंद कर दिया क्या? बच्चे की क्लास चल रही थी."
मला वाटलं त्यांचंही गेलं. म्हणालो, पप्पूला फोन करा.
"पप्पू को क्यों? हमारा थोड़ी है. आपका ही तो चलता है."
तेवढ्यात खालून कुणाचा तरी पोरगा, अंकल, नेट? मग शेजारच्या जाधव वहिनींची सून दारात, "काका, लाइट आहे आणि नेट नाही, असं कसं?"
मु. जिन्यात बसून हसत होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा असं हसताना पाहिली. मग थांबली.
राऊटर चालू केला.

१२ एप्रिल, रवि.
जाधव वहिनींकडे गेलो. शुभाच्या मैत्रीण, वयानं थोरल्या. त्यांच्या घरी चैत्रगौर बसली आहे. आमच्याकडे यंदा नाही. डाळ, पन्हं पुढे केलं, मग सांगितलं.
मागच्या वर्षीच्या संक्रांतीचं हळदीकुंकू. शुभानं वाण लुटलं, चहाची गाळणी. प्रत्येक गाळणीला दोऱ्यानं एक चिठ्ठी. चिठ्ठीत आमच्या नेटचा पासवर्ड. अकरा घरं. गल्लीत मराठी आम्ही आणि जाधव, दोनच घरं, बाकी सक्सेना, गुप्ता, तोमर. तिच्या हळदीकुंकवाला सगळ्या यायच्या.
मी विचारलं, असलं वाण कुठे असतं?
"का नसतं? तुम्हीच म्हणालात म्हणे तिला, दरवर्षी प्लास्टिकचे डबे कसले वाटतेस, उपयोगाचं काही दे."
म्हणालो असेन.
"भावजी, तुमच्या घरात वर्षभर गल्ली नांदत होती. तुम्हाला तारा दिसल्या, माणसं नाही दिसली."
त्यांच्या फ्रिजवर चिठ्ठी अजून चिकटवलेली. सोळा अक्षरी पासवर्ड, मीच ठेवलेला, कुणाला ओळखू येऊ नये म्हणून. मोठी अक्षरं, लहान अक्षरं, आकडे. तिनं अकरा वेळा हातानं लिहिला. शून्याला मधून तिरकी रेघ दिलेली, ओ वाटू नये म्हणून. तशी रेघ दुकानातल्या मालाच्या पट्ट्यांवर मी देतो.
चूक एकही नव्हती. तपासली.
पन्हं संपवलं. घरी आलो.

१३ एप्रिल, सोम.
मु.ला सांगितलं. ऐकून घेतलं तिनं.
"आईनं मला का नाही सांगितलं?"
मलाही नाही, म्हटलं.
मग म्हणाली, "ठीक है. आता काय करायचं? पासवर्ड बदला. दो मिनट का काम है, बाबा. त्यांना सांगू, सॉरी. सगळे समजून घेतील."
बरोबर आहे. दुकानातून आल्यावर बसलो. पान उघडलं, जुना पासवर्ड, नवा पासवर्ड, पुन्हा नवा. जुना टाकला. नवा काय ठेवावा ते सुचेना. मग भाजी आणायची होती.

१५ एप्रिल, बुध.
आज बोलताना मु.चा कॉल तीनदा गेला. लॅपटॉप मिटवून खाली आली, पोळ्या लाटायला घेतल्या, माझ्या आधी.
"सोमवारी दुपारी तीनला मॅनेजर स्वतः बसणार आहे कॉलवर. बडा क्लायंट आहे. तुटला तर एक तारखेपासून पुणे."
मी म्हणालो, पोळी जळतेय.
पप्पूला विचारलं, दुसरी लाइन देतोस? खांबावरच्या डब्यात जागा नाही म्हणतो. नवा डबा महिन्याभरात. दुसऱ्या कंपनीची तार या गल्लीत येत नाही, तेही विचारून आलो इंदरगंज बाजारात.

१६ एप्रिल, गुरु.
पासवर्डचं पान परत उघडलं. मु. मागे उभी होती, मला माहीत नव्हतं.
"नाही होत ना तुमच्याकडून?"
होईल म्हटलं.
"बाबा, मला आईचं काही... मी असं नाही म्हणत की..." वर गेली. थोड्या वेळानं विचारायला आली की तिची लहानपणीची बॅग कुठे आहे, मोठी निळी. माळ्यावर. काढून दिली, झटकून. चेन अडकत होती, मेणबत्ती घासून ठीक केली.

१८ एप्रिल, शनि.
दुकानातून आलो तर बैठकीत सक्सेना भाभी, जाधव वहिनी, तोमरांची धाकटी. मु.नं सरबत केलेलं. सोमवारच्या कॉलचं बाकीच्यांना तिनं सांगितलं नव्हतं, जाधव वहिनींनी सांगितलं होतं सगळ्यांना.
सक्सेना भाभी: "सोमवार को तीन से पाँच पूरी गली बंद. मैंने सबको बोल दिया है. बिटिया की नौकरी का सवाल है."
मी विचारलं, अकराही घरं?
"नौ ने हाँ बोला है. गुप्ता जी के यहाँ अम्मा बीमार हैं, लड़का बाहर से वीडियो पे देखता है. उनको कैसे मना करें. और एक घर में ताला है."
घराला कुलूप असलं तरी त्यांचा टीव्ही नेटवर असतो का, पोरं घरी येतात का, मला विचारायचं होतं.
जाधव वहिनी जाताना: "भावजी, पासवर्ड बदलला असतात तरी कुणी काही म्हणालं नसतं हो. दिलेलं वाण परत मागत नाहीत, पण ते आम्हा बायकांसाठी. तुम्ही पुरुष माणूस, तुम्हाला काय."
मु. दारापर्यंत सोडायला गेली. बराच वेळ खाली बोलणं चालू होतं, हिंदीत. हसणंही.
नऊ घरांचा शब्द. शब्द काही तपासून बघता येत नाही.
निळी बॅग खोलीत उघडी आहे. अर्धी भरलेली.

१९ एप्रिल, रवि. अक्षय्य तृतीया.
सकाळी आमरस केला. मु.नं गोड कमी सांगितलं तरी साखर मी शुभाच्या मापानं घातली. खाल्ला तिनं.
दुपारी पप्पू आला, न बोलावता. चपला बाहेर काढून आत बसला, म्हणजे काम होतं.
"भाईसाहब, सीधी बात करूँ? एक कनेक्शन पे बारह घर. मेरा भी पेट है. मैं शिकायत नहीं कर रहा, भाभी जी ने दिया, अच्छा किया. पर अब आप पासवर्ड बदल दो. आज. शाम तक सबके फ़ोन मेरे पास आएँगे."
डब्यात जागा नव्हती ना, मी विचारलं.
"आपके लिए निकल आएगी."
वर मु. उद्याची तयारी करत होती, एकटीच मोठ्यानं बोलत, गुड आफ्टरनून, गुड आफ्टरनून. दोघांनाही ऐकू येत होतं. पप्पूनं वर बघितलं. "बिटिया का काम पक्का हो जाएगा, सोच लो."
विचार केला. मग उठून त्याच्या चपला उन्हातून सावलीत सरकवल्या, निघताना पाय भाजू नयेत म्हणून. तो समजला.
तो गेल्यावर मु.नं जिन्यातून विचारलं, "पप्पू क्यों आया था?"
म्हटलं, असंच. सणाचा.
त्यानं देऊ केलेलं आणि मी नको म्हटलेलं: दुसरी लाइन उद्या सकाळी दहाच्या आत, वर्षभर फुकट. वर गल्लीतल्या प्रत्येक नव्या कनेक्शनमागे मला पाचशे रोख. अकरा घरं. साडेपाच हजार.