कुजण्याचा वेग

३ मार्च, सोमवार
परत तेच! कॉम्प्युटरवरचं मॉडेल म्हणतं, कचरा डेपोतून तासाला सहाशे घनमीटर मिथेन निघायला हवा. गॅस ओढायला कचऱ्यात खोल पुरलेल्या पाइपांवरचे मीटर म्हणतात, तीनशे ऐंशी. सोळा वर्षांचा कचरा वर्षवार टनांत भरलाय, ओला वेगळा, सुका वेगळा. तिसऱ्यांदा तपासला. चूक सापडत नाही. मग उरलेले दोनशेवीस गेले कुठे? डोकं फुटायची वेळ आली.

४ मार्च
साहेब म्हणाले, "मीटरशी जुळत नाही म्हणजे मॉडेलच चुकलंय. साधी गोष्ट आहे!" साधी म्हणे! यांना डेपोची दुर्गंधी तेवढी कळते.

अहवालातला आकडा पाचशेच्या वर गेला की डेपोच्या भिंतीलगतची शंभर मीटर पट्टी बंद ठेवायची, असा नियम. आणि नेमकी त्याच पट्टीत वहिनीच्या पाळणाघराची नवी खोली! रंग देऊन तयार, माझ्या अहवालासाठी कुलपात. जेवताना वहिनीच म्हणाली, "अगं, जुन्या खोलीत पोरं नुसती एकमेकांच्या अंगावर झोपतात. तुझ्या हातात आहे ना ते?" माझ्या हातात काय, कप्पाळ!

६ मार्च
दिवसभर आकडे. हाती काही नाही. घरी येऊन विनाकारण दादावर खेकसले.

७ मार्च
मीटर वाचणारे काका रीडिंगचा कागद घेऊन आले. म्हणाले, "बाई, पाइपात येतो तेवढाच मी लिहितो. बाकीचा जाईल वाट मिळेल तिकडे." मी आधीच वैतागलेली. म्हटलं, "वाट कुठली, ते दाखवा ना मग!" तर शांतपणे म्हणतात, "भिंतीकडेला मोजायला एक तरी भोक पाडून दिलंय का कुणी?"

साहेबांकडे गेले, भिंतीकडेला मोजू या म्हटलं. "आधी अहवाल, भोकं नंतर!"

११ मार्च
जुळलं! कचरा कुजण्याचा वेग मॉडेलमध्ये जवळजवळ अर्ध्यावर आणला. कारण लिहिलं — कचरा कोरडा आहे, आत पाणी मुरत नाही, म्हणून सावकाश कुजतो. वाचायला झकास. रेघ मीटरच्या ठिपक्यांवरून अगदी बरोब्बर जाते. साहेब खूश — "बघ, होतं की नाही?"

मला आनंद व्हायला हवा. नुसती चिडचिड होतेय. कचरा कोरडा आहे की ओला, हे मी एकदाही जाऊन बघितलेलं नाही.

१२ मार्च
सही केली. तीनशे ऐंशी. वहिनी गळ्यातच पडली. दादानं डोक्यात टपली मारली, "हुशार आहेस गं!" मेला तो आकडा!

१७ मार्च, सोमवार
खोली सुरू झाली. दुपारी वहिनीचा फोन, "सगळी झोपलीत, हातपाय पसरून!" फार खूश होती.

मी साहेबांना गाठलं. म्हटलं, आपण निघणारा गॅस मोजलाच नाही हो, फक्त पाइपांनी ओढलेला मोजला. आणि मी मॉडेल त्यालाच जुळवलं! कचरा कुजतोय मी आधी धरलेल्याच वेगानं. साहेब म्हणाले, "हे सही केल्यावर सुचलं?" लाज वाटली. ठरवलं, खोलीत जाऊन मीच मोजायचं.

१८ मार्च
काकांचा हातात धरायचा मीटर दुरुस्तीला गेलाय. परवा मिळेल म्हणे. परवा!!

२० मार्च
मीटर मिळाला, तशीच पाळणाघरात गेले. नव्या खोलीत कपाटामागे, फरशीच्या फटीवर — सहा टक्के मिथेन. पाचच्या वर स्फोटाला एक ठिणगी पुरते. पंख्याच्या बटणाला कुणाला हात लावू दिला नाही. वहिनीनं आणि मी अठरा पोरं झोपेतच उचलून बाहेर नेली, पार लांबच्या मैदानात. शेवटचं पोर माझ्या हातातून घेताना वहिनीनं विचारलं, "तुला माहीत होतं?"

हो म्हटलं.