दहाची लाल नोट

साबीरमियाँ,

सलाम. 

मी कुवेतला आलेय, खैतानला नातीकडे. काल इक्रा मला जुन्या नोटा विकत घेणाऱ्याकडे घेऊन गेली. निकाहाआधी तुम्ही इथूनच कमावून आणून मेहर म्हणून पुढे ठेवलेल्या दहाच्या नोटांतली एक, पडद्याआड मला बघायला दिलेली, मी पासष्ट वर्षं लपवून ठेवलेली, ती दाखवली. नंबराआधीचा झेड बघून तो उठून उभाच राहिला. "खाला, असली है!" भारताच्याच रिझर्व्ह बँकेने खास या आखाती मुलखासाठी छापलेली, म्हणून लाल, म्हणाला.

असली! तुम्ही शपथेवर हेच सांगत होतात ना? आणि 'दहाची नोट जांभळी असते, ही खोटी आहे' असं पडद्याआडून ओरडलं कोण? मीच. जीभ कशी झडली नाही माझी! अब्बांनी वरात परत पाठवली आणि गावाने तुम्हाला मरेपर्यंत 'खोटा साबीर' म्हटलं.

दुकानदार सहाशे दिनार देत होता. मी नोट हिसकावून घेतली. मेहर कोणी विकतं का?

त्या दिवशी काझीसाहेबांनी मला विचारायचंच राहिलं होतं.

कबूल.

अमिरुन्निसा