मला न दाखवलेला रिपोर्ट

१२ नोव्हेंबर
नागपूरहून आलो. बाबा लगेच दुकानात, मी पलंगावर. बेडक्यात सुडोमोनास निघाला. सिस्टिक फायब्रोसिसवाल्यांना, म्हणजे माझ्यासारख्या जन्मापासून फुफ्फुसात घट्ट कफ साठणाऱ्यांना, ज्या जंतूची सगळ्यात जास्त भीती, तोच.
डॉक्टर चिडलेले. "मागच्या वेळी भरती व्हायला सांगितलं होतं. आला नाहीत."
"कोणत्या मागच्या वेळी?"
त्यांनी फाइल माझ्याकडे वळवली. दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. तोच जंतू, पहिल्यांदा उगवलेला. खाली लिहिलेलं: रुग्णाच्या बहिणीला रिपोर्ट दिला, चौदा दिवस भरती राहण्यास सांगितले. बाजूला सही. शुभाताईची.
बाबा खाली गाडी लावत होते. त्यांना अजून सांगितलं नाही.

१३ नोव्हेंबर
शुभाताई. मी अकरा वर्षांची, ती पंधराची, तेव्हापासून रोज सकाळी तिनंच माझी पाठ थोपटली, कफ सुटावा म्हणून. लग्न होईपर्यंत एक दिवस चुकवला नाही. फाइलवर नंबरही तिचाच, कारण आई घाबरते अन् बाबा दुकानात फोन उचलत नाहीत.
फेब्रु. म्हणजे तिचं लग्न. हळदीत मी नाचले होते. धाप लागली नाही. सगळे म्हणत होते, आशू किती छान दिसून राह्यली.
त्यानंतर मीही नागपूरला गेले नाही. ती तळेगावला सासरी गेली, मला बरं वाटत होतं, तपासणी टळत गेली. हेही लिहायला पाहिजे.

१५ नोव्हेंबर
पुन्हा नागपूर, पुढच्या तपासणीसाठी. लॅबच्या मॅडमना म्हटलं, क्लासमध्ये दहावीच्या मुलींना जंतू शिकवते, माझा स्वतःचा बघायचाय. हसल्या. दाखवला.
प्लेटवर हिरवट, चकचकीत, वाहून एकमेकांत मिसळलेले ठिपके. त्यांच्यात काही बारीक, कोरडे. मला वाटलं दोन-तीन जातींचे असतील.
"नाही गं. बहुतेक एकाचेच वंशज. ओल्या मातीत, नळात राहणारा साधा जंतू. आत आला तेव्हा शेपटी हलवत पोहणारा असतो. तुझ्या फुफ्फुसात घट्ट कफ, पोहायचं कुठं? मग शेपटी बनवणंच सोडून देतो. भोवती बुळबुळीत थर करतो, त्यातून औषध नीट पोचत नाही. पहिल्यासारखं विषही सोडत नाही, त्यामुळे पेशंटला वाटतं, बरं आहे."
"अन् हे बारीक?"
"ते सावकाश वाढणारे. काहींमध्ये तर स्वतःच्या जनुकांतल्या चुका दुरुस्त करायची सोयच मोडलेली असते. मग ते भराभर बदलतात. त्यातल्या एखाद्याला औषध लागू पडत नाही. तोच टिकतो."
"दोन वर्षांपूर्वी काढता आला असता?"
प्लेट झाकत म्हणाल्या, "पहिल्यांदा येतो तेव्हा बऱ्याचदा निघतो."
आता निघणार नाही. दाबून ठेवायचा. चोवीस वर्षांची आहे मी.

१६ नोव्हेंबर
ताईला फोन केला. "फेब्रुवारीचा रिपोर्ट कुठं आहे?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "मी येतो. फोनवर नको."

१८ नोव्हेंबर
आली. पिशवी ठेवली अन् सरळ माझ्यामागं येऊन बसली, पाठ थोपटायला.
"हात लावू नको मले."
"आशू, लग्नाले अकरा दिवस होते. तू भरती, आई तुह्यापाशी. तळेगाववाल्याइनं विचारलं असतं, पोरीले काय झालं? मोडलं असतं लग्न."
"मंग लग्नानंतर काऊन सांगतलं नाई?"
"सांगणारच होती. पण तू चांगली दिसून राह्यलती. म्हटलं, कायले घाबरवू. मंग जसजसे दिवस गेले तसतशी हिंमतच..."
"तेव्हा औषध झालं असतं तर तो जंतू गेला असता, ताई."
तिला हे माहीत नव्हतं, असं म्हणते. रिपोर्ट देताना कोणी सांगितलं नसेल? सांगितलं असेल.
ती रडली. मी नाही रडले. रडलं की खोकला येतो.

१९ नोव्हेंबर
आईला माहीत होतं. स्वयंपाकघरात मी ताईबद्दल बोलत होते तर म्हणाली, "तिले एकटीले नको बोलू. मीच म्हटलं होतं, लग्न होऊन जाऊ दे."
भाकरी थापत म्हणाली. हात थांबला नाही.
जेवले नाही.

२१ नोव्हेंबर
ताईला तिसरा महिना आहे. आज सांगितलं. मी काही बोलायच्या आत माझा हात धरला. "यायले, तुह्या भाऊजीले, काही सांगजो नको. तिकडं सगळ्याइले तुले दमा आहे एवढंच माहीत आहे."
"ताई, आईबाबांकडून आलं आहे हे मला. तुझ्यातही लपून असू शकते. तुझं रक्त तपासायला पाहिजे. अन् भाऊजींमध्येही निघालं तर बाळाला..."
"मले सगळं समजते."
"मंग?"
"मंग काही नाई. तू फक्त चूप राह्य."
दोन वर्षांपूर्वी मला न विचारता लपवलं. या वेळी मलाच लपवायला सांगून राह्यली, एवढाच फरक. अन् मला कळत नाही, मला राग येतो आहे की त्या बाळाची...

२२ नोव्हेंबर
बाबांना सगळं सांगितलं. ऐकलं. "फाइल आजपासून माह्यापाशी," म्हणाले. आईशी बोलले नाहीत. सोमवारी भरती.

२४ नोव्हेंबर, वॉर्डातून
भाऊजी काल तळेगावहून आले. म्हणाले, मीच सोडतो नागपूरला. बाबा मागून येणार. मी पुढच्या सीटवर, ताई मागं. सेलूच्या पुढं चहाला थांबलो. ताई नळावर हात धुवायला गेली.
भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "आशू, राग नको मानू. दम्यासाठी चौदा दिवस कोणी भरती करते का? खरं काय आहे?"
चहा हातात. ताई परत येत होती, पदरानं तोंड पुसत.
म्हटलं, "भाऊजी, ताईले विचारा. माह्या समोरच विचारा."
त्यांनी विचारलं. ताईनं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मीच तिचं काही चोरलं. मग गाडीत जाऊन बसली. बुटीबोरी गेलं, नागपूर आलं.
माझी बॅग भाऊजींनी वर आणून दिली. "तू आराम कर," म्हणाले अन् खाली गेले.
सलाइन लावली. दोन औषधं एकदम. सिस्टर म्हणतात, औषधाची चव तोंडात येईल, घाबरू नको. आली आहे.
पलंग खिडकीजवळ आहे. खाली गाडी दिसते. दोघं आत बसलेले, काचा वर. तासभर झाला. ताई मान खाली घालून काहीतरी सांगते आहे असं वाटते, पण इतक्या उंचावरून नक्की कळत नाही.