अँथनीसरांच्या नावाखालची पिवळी रेघ

४ ऑगस्ट
लालबागला कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची नोकरी लागली. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला, तरी घेतलं. ऑफिस मसाल्याच्या दुकानावर आहे, मिरचीचा खकाणा वर येतो, त्यामुळे शिंकत शिंकतच ओळखी झाल्या. आम्ही तिघंच. दर्शनाताई मुख्य. अँथनीसर सगळ्यांत जुने, त्यांनी आल्या आल्या अर्धा डबा माझ्यापुढे सरकवला. इथला एक नियम फार आवडला. प्रोग्रामच्या प्रत्येक तुकड्यावर जबाबदार माणसाचं नाव घालायचं. नाही घातलं तर प्रोग्राम तयारच होत नाही. नियम कागदावर नाही, प्रोग्राम लिहायच्या भाषेतच बसवलाय. असं काटेकोर काम मला हवंच होतं.

७ ऑगस्ट
अँथनीसरांच्या नावाखाली सगळीकडे पिवळी रेघ येते: जबाबदार व्यक्ती सापडत नाही. सर म्हणाले, अरे, माझ्या हार्टच्या ऑपरेशनपासून येते ती. डॉक्टर पण तेच बोलत होता, हा माणूस गेला म्हणून, मी ऐकलं काय? तू पण ऐकू नको. पिवळ्याने काही अडत नाही. ताई हसल्या, पण हात लावू नकोस म्हणाल्या.

११ ऑगस्ट
त्या रेघा दिवसभर टोचतात. सर जेवायला खाली गेल्यावर नियम कडक केला: पिवळं दिसलं की प्रोग्राम अडायचा. अडला, पिवळ्या रेघा लाल झाल्या. मग सरांचं नाव काढून सगळीकडे माझं घातलं. पडदा स्वच्छ झाला.
सर जेवून परत आले नाहीत.

१२ ऑगस्ट
ताईंना विचारलं. म्हणाल्या, कोण अँथनी? आपण दोघंच तर आहोत रे इथे. सरांची खुर्चीही नाही. मीच त्यांचं नाव काढून —

१४ ऑगस्ट
सरांचं नाव परत घालून पाहिलं. घेत नाही. माझा कडक नियम काढायला गेलो, निघत नाही. डावा हात दुखतो, छातीत भरून येतं. ताई म्हणतात गॅस असेल, सोडा पी.

१८ ऑगस्ट
थकलो. आता माझ्या नावाखाली लाल रेघ. सुशांत: सापडत नाही. पिवळी असती तर चाललं असतं. पिवळीवर सर इतकी वर्षं जगले. ती सवलत मीच —

१९ ऑगस्ट
ताईंचं नाव चालतं. एका तुकड्यावर घातलं, तिथलं लाल गेलं, माझा हात हलका झाला. समोर ताईंनी छातीवर तळवा दाबला. लगेच काढलं.

२० ऑगस्ट
ताईंनी चहा एकच मागवला. फोनवर सांगत होत्या, वर्षभर एकटीच ओढतेय, कुणी असेल तर पाठवा. मी समोरच बसलोय. हाक मारली. मान वर नाही. छाती —
फक्त एका तुकड्यावर. थोडाच वेळ. मग काढीन. दर्श —